डोंगरावरचे भाड्याचे घर

विसावा ही माणसाची अन्नपाण्याइतकीच जुनी गरज आहे, याविषयी दुमत नाही. दुमत होते ते पुढच्या प्रश्नांवर. विसावा कोणाला मिळावा, कोठे मिळावा आणि त्याचे मोल कोणी द्यावे? लढाया, तह आणि राजवंशावळी यांनी भरलेल्या आमच्या इतिहासग्रंथांत या प्रश्नांना फारशी जागा मिळालेली नाही. उन्हाळा आला की थंड हवेच्या ठिकाणी जावे आणि तेथे पंधरा दिवस-महिनाभर एखादे घर भाड्याने घेऊन राहावे, ही रीत आज आपणांस अगदी स्वाभाविक वाटते. परंतु तिला जेमतेम दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास महाबळेश्वरच्या एखाद्या बंगल्याच्या ओसरीवर बसून सांगितला तर एक प्रकारचा होतो, आणि खानदेशातील असोद्यासारख्या गावातून पाहिला तर दुसऱ्या प्रकारचा. आम्ही येथे ही दुसरी जागा पत्करली आहे.

असोदे हे जळगावपासून दोन कोसांच्या आतले गाव. काळी जमीन, कापूस, केळी आणि भरिताची वांगी यांसाठी पंचक्रोशीत त्याचे नाव. आकाश निवळ असले म्हणजे उत्तरेस तापीपलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जावे तसतशी दर हजार मीटरला सुमारे ६ अंश उष्णता उतरते, असा निसर्गाचा साधा हिशेब आहे. जळगावची उंची सुमारे २०० मीटर, आणि सातपुड्यातील तोरणमाळची साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे दिसणाऱ्या त्या निळ्या रेघेवर पाच-सहा अंशांचा गारवा नेहमीच उभा आहे. पण ज्या महिन्यात त्या गारव्याची गरज, त्याच महिन्यात केळीला पाणी चुकवून चालत नाही. उन्हाच्या झळांनी पाने फाटू नयेत म्हणून बागेला आडोसा करावा लागतो आणि विहिरीवर नजर ठेवावी लागते. ज्याला गारव्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच गाव सोडता येत नाही, ही असोद्यावरून दिसणारी पहिली गोष्ट होय.

मग खानदेशाने विसाव्याची काही सोय केलीच नव्हती काय? केली होती, आणि ती दोन प्रकारची होती.

पहिली सोय म्हणजे आखाजी. अक्षय तृतीयेला खानदेशात जे महत्त्व आहे ते महाराष्ट्राच्या इतर भागांत क्वचितच असेल. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात आणि दिवसभर गाणी चालतात. शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या सालदाराचे सालही आखाजीला संपते आणि नवे साल तेथूनच धरले जाते. म्हणजे स्त्रियांची आणि शेतगड्यांची, गावातल्या सर्वांत अधिक राबणाऱ्या दोन वर्गांची सुटी परंपरेने एकाच दिवशी बांधून दिली होती. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्यात जन्मल्या व जळगावास दिल्या गेल्या. सासर आणि माहेर यांत अंतर दोन कोसांचेही नव्हते. दोन्हीकडे ऊन तेच, पाणी तेच, धुळीचा वारा तोच. तरीही माहेर म्हणजे विसावा, हे त्यांच्या कवितेने साऱ्या महाराष्ट्राला पटवून दिले. विसावा हवेच्या अंशांत नसतो. कोणाचा हुकूम मानावा न लागण्यात, दुसऱ्याने वाढलेले ताट पुढे येण्यात असतो, हे माहेराचे शास्त्र आहे. पुढच्या विवेचनात हे शास्त्र आम्हांस पुन्हा लागणार आहे.

दुसरी सोय म्हणजे यात्रा. चैत्रात खानदेशातून माणसांच्या रांगा सप्तशृंग गडाकडे पायी निघतात. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कित्येक घराण्यांचे ते कुलदैवत आहे. ऐन उन्हाळ्यात आठ-आठ दिवस चालून डोंगर चढावयाचा, हे सुखासाठी केलेले काम नव्हे हे खरे; तथापि घर सुटते, शेत सुटते, वाटेत गावोगाव कोणी पाणी देतो, कोणी भाकरी देतो, आणि रात्री देवळाच्या ओवरीत किंवा धर्मशाळेत पाठ टेकता येते. सातपुड्यात तोरणमाळलाही महाशिवरात्रीस गोरखनाथाची यात्रा भरते आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या तिन्ही मुलखांतून लोक येतात. या साऱ्या व्यवहारात डोंगरावर राहण्याचे भाडे हा शब्दच नाही. धर्मशाळा कोणा दात्याने पुण्यासाठी बांधलेली असते. तेथे तीन रात्रींहून अधिक राहू नये असा संकेत असतो, आणि जाताना जागा झाडून जावी एवढीच अपेक्षा असते. डोंगर देवाचा, वाट सर्वांची, मुक्काम तात्पुरता. ही जुनी व्यवस्था नीट ध्यानात घेतली म्हणजे इंग्रजी अमदानीत नवे काय घडले ते कळते.

इंग्रज डोंगरावर चढला तो हौसेने नव्हे, भीतीने. पटकी, हिवताप आणि यकृताचे विकार यांनी त्याचे शिपाई व अंमलदार या देशात झपाट्याने मरत होते. हिवताप डासांमुळे पसरतो हे त्या काळी ठाऊक नव्हते. सखल प्रदेशातील दूषित हवा हेच रोगाचे मूळ अशी समजूत होती. तेव्हा उंचावर जावे हा उपाय ठरला. १८२३ साली हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोहोचला. ते पठार सातपुड्याच्याच गाविलगड रांगेत आहे आणि तेथील वस्ती कोरकूंची. १८२४ साली साताऱ्याचा सेनाधिकारी लॉडविक महाबळेश्वरच्या कड्यावर चढला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ साली स्वतः तेथे आले, आणि १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन तो डोंगर इंग्रजांकडे गेला. मोबदल्यात महाराजांना वाईकडील खंडाळे हे गाव मिळाले. नव्या वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्यांचे उगम जेथे पूजिले जातात ते क्षेत्र महाबळेश्वर जुन्या जागी राहिले, आणि त्याच्यापासून थोड्याच अंतरावर आजाऱ्यांसाठी एक निराळे महाबळेश्वर उभे राहिले. आधीच्या गावास देवामुळे महत्त्व होते, या गावास हवेमुळे आले.

हे गाव उभारले कोणी? या प्रश्नाचे उत्तर फार थोडे प्रवासी शोधतात. पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी येथे ठेवले होते. रस्ते, बागा आणि साहेबाच्या मेजावरची भाजी यांमागे त्यांची मेहनत होती. त्यांचा तुरुंग १८६४ साली उठला. वेण्णेचे तळे १८४२ साली सातारच्या छत्रपतींनी बांधविले. पुढे सहा वर्षांनी त्यांचेच राज्य खालसा झाले. याच डोंगरात लोखंड गाळणारे धावड लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे, आणि कोळशाला रान. वनसंरक्षणाचे नियम कडक झाले, तशा त्या भट्ट्या विझल्या. रान राखले गेले हे चांगलेच झाले. पण ते कोणाच्या धंद्यावर राखले गेले हेही लिहून ठेवावयास हवे. पाहुण्यांना दाट झाडी दिसली, तिच्या खाली एक संपलेला व्यवसाय होता.

आता भाड्याच्या घराकडे येऊ. गिरिस्थानावरील जमीन बहुधा सरकारी पट्ट्याने दिली जाई. त्यावर अंमलदार, व्यापारी किंवा संस्थानिक बंगला बांधीत आणि स्वतःला नको असेल त्या हंगामात तो दुसऱ्यास देत. महाबळेश्वरचे हंगाम दोन: मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंतचा मोठा, आणि पावसानंतरचा लहान. मधल्या चार महिन्यांत तेथे सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो; तेव्हा घरांना चहूबाजूंनी गवताचे आवरण बांधून ती मिटून ठेवीत. म्हणजे भाडे जरी दोन-अडीच महिन्यांचे, तरी त्यात बारा महिन्यांची डागडुजी, माळी आणि राखणदार यांचा खर्च बसवावा लागे, आणि म्हणून ते जबर असे. बंगल्याबरोबर मेजखुर्च्या मिळत. स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या मागे, वेगळ्या. अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्य आणि स्वयंपाकी भाडेकऱ्याने आणावयाचा.

येण्याचा बेत महिना-दोन महिने आधी करावा लागे. मुंबईहून निघालेले कुटुंब आगबोटीने कोकणपट्टीत खाडीपर्यंत येई आणि तेथून घाट चढे, किंवा पुण्यावरून वाईमार्गे जाई. पोलादपूरकडचा फिट्झगेराल्ड घाट १८७६ साली खुला झाला तेव्हा कोकणातली वाट सोपी झाली. सामान हमालांच्या डोक्यावर, मडमा पालखीत, मुले खुर्चीत. पाच माणसांच्या हवापालटीसाठी पंचवीस माणसांना घाम गाळावा लागे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सरकारही मागे नव्हते. मुंबई इलाख्याचे सरकार हिवाळ्यात मुंबईस, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास असे फिरत राही. हिंदुस्थान सरकारने १८६४ पासून सिमल्यास उन्हाळी राजधानीच केली. ज्या रयतेच्या पैशावर हे चाले ती रयत मात्र त्या वेळी मैदानात तापत असे.

मुंबईकरांना जवळचा डोंगर हवा होता; तो १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना माथेरानच्या रूपाने सापडला. १९०७ साली आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने स्वतःच्या भांडवलावर नेरळ-माथेरान ही छोटी आगगाडी चालू केली. एका देशी व्यापाऱ्याच्या पैशाने बांधलेली ही गाडी म्हणजे हवापालटीच्या इतिहासातील एक वळणच होय. त्यानंतर डोंगर हा केवळ साहेबाचा राहिला नाही.

हे जे आपल्याकडे घडत होते, त्याचेच दुसरे रूप त्याच सुमारास युरोपात दिसते. स्वित्झर्लंडमधील दावोस हे गुराख्यांचे गाव. अलेक्झांडर स्पेंगलर नावाचा वैद्य १८५३ साली तेथे आला. क्षयाला तेथील हवा मानवते असे त्याने सांगितले, आणि १८६५ च्या हिवाळ्यापासून रोगी बर्फातही तेथे राहू लागले. टॉमस कुकने १८६३ साली इंग्रज प्रवाशांची पहिली टोळी स्वित्झर्लंडला नेली. आमच्याकडे त्याच वर्षी बोरघाटातून आगगाडी चढली, आणि थोड्याच अवधीत थळघाटही खुला होऊन खानदेश मुंबईस जोडला गेला. दावोसला रोग्यांबरोबर धडधाकट नातलग आले. त्यांना वेळ घालवावयास काही हवे होते. नॉर्वेतील शेतकरी बर्फावरून जाण्यासाठी पायाला लाकडी पट्ट्या बांधीत. त्या पट्ट्यांचा, म्हणजे स्कीचा, खेळ झाला. कॉनन डॉयलने १८९४ साली दावोसहून खिंड ओलांडून स्कीवर अरोसा गाठले आणि त्याचे वर्णन छापले. पुढे इंग्रजांनी ही हौस काश्मिरात आणून १९२७ साली गुलमर्गला स्की क्लब काढला. आधी रुग्णालय, मग भाड्याची खोली, मग खेळ आणि शेवटी बाजार, हा क्रम आल्प्समध्ये आणि सह्याद्रीत सारखाच आहे. फरक एका गोष्टीत पडला. आल्प्समधील पुष्कळ शेतकऱ्यांनी स्वतःच्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांस दिल्या आणि भाडे त्यांच्या हाती आले. आमच्याकडे बंगल्याचा मालक मुंबईला किंवा पुण्याला, आणि डोंगरातला माणूस त्याच बंगल्याचा माळी झाला.

विसाव्या शतकात आमचा मध्यमवर्गही डोंगर चढू लागला. लोणावळे, देवळाली येथे पारशी व गुजराती समाजातील दात्यांनी सॅनिटोरियम बांधली; अल्प भाड्यात कुटुंबाला एक-दोन खोल्या काही आठवडे मिळत. धर्मशाळा आणि बंगला यांच्या मधली ही पायरी होती. जळगावहून देवळाली एकाच लोहमार्गावर; खानदेशातील पेढीवाल्यांना व वकिलांना ती सोयीची पडली. १९४५ च्या उन्हाळ्यात प्रकृतीसाठी गांधीजी महाबळेश्वरी राहिले, तेव्हा डोंगरावरचा विसावा देशी माणसालाही शोभतो हे जणू ठरून गेले. परंतु या कौटुंबिक हवापालटीत माहेराच्या शास्त्राचा सपशेल विसर पडला. बंगल्यात साहेबाचा स्वयंपाकी होता. सॅनिटोरियमच्या खोलीत स्टोव्ह, पोळपाट आणि लोणच्याची बरणी घरून आणलेली असे, आणि ती वापरणारे हातही घरचेच. नवरा सूर्यास्त पाहावयास जाई, मुले घोड्यावर बसत, आणि घरची बाई चुलीसकट डोंगरावर चढून पुन्हा चुलीपाशीच बसे. हवा पालटली, दिवस पालटला नाही.

रजा हा उपकार नसून हक्क आहे, ही कल्पना तर याहून अलीकडची. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि लाखो लोकांनी पहिल्यांदा समुद्र वा डोंगर पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने हा हक्क दृढ केला. ठरावीक दिवस काम भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस रजा, पगारासह. गिरणीतल्या माणसाला हे मिळाले. असोद्याच्या सालदाराला काय मिळाले? त्याची आखाजी तेवढी राहिली, आणि जेथे सालाची पद्धत मोडून रोजंदारी आली तेथे तीही बुडाली. कारण रोजंदाराची सुटी म्हणजे बुडालेला रोज.

आमच्या या वसंत व्याख्यानमालांचे मूळही येथेच कोठेतरी आहे, असे आम्हांस वाटते. १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात ही प्रथा सुरू झाली. सरकार महाबळेश्वरी गेलेले, आणि मागे राहिलेल्या शहाण्या लोकांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून विचार ऐकावयाचा! भाड्याचा बंगला परवडत नाही म्हणून स्वस्तात शोधलेली ही हवापालट नव्हे. पण जे गाव सोडू शकत नाहीत त्यांनाही उन्हाळा काही देऊ शकतो, हे तिने दाखवून दिले.

आता सातपुड्याकडे वळू, कारण आजचा खरा प्रश्न तेथे आहे. खानदेशात आता चारचाकी घरोघर नसली तरी गावोगाव आहे. रावेर तालुक्यातील पाल, शहाद्यावरून जावयाचे तोरणमाळ, विदर्भातले चिखलदरे या ठिकाणी दोन-तीन दिवसांचा बेत सहज होतो. तोरणमाळला विस्तीर्ण तळे आहे, सीताखाईची दरी आहे, आणि भिल्ल व पावरा लोकांचे पाडे आहेत. महाबळेश्वरला २०० वर्षांपूर्वी जी सुरुवात झाली ती येथे आता होत आहे. ती त्याच वाटेने जावी काय?

आम्हांस वाटते, जाण्याचे कारण नाही. १९७४ साली राज्याने कायदा करून आदिवासीची जमीन शासनाच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाण्यास मज्जाव केला. पळवाटा काढणारे काढतात, हे खरे. पण माल्कमसाहेबाला जसा करार करून डोंगर घेता आला तसा आज घेता येत नाही. म्हणजे तोरणमाळचे भाड्याचे घर हे तोरणमाळच्या माणसाचे असू शकते. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेसारखी साधने आहेत. अक्राणी-धडगावकडची कित्येक कुटुंबे दरसाल ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. त्यांतल्या काहींनी जरी दोन खोल्या नीट करून पाहुण्यांस दिल्या, दादरीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली आणि भाडे स्वतः मोजून घेतले, तरी मुलांना शाळा सोडून आईबापांमागे जावे लागणार नाही. मजूर व्हावे की घरधनी, हा तेथे पुस्तकी प्रश्न नाही.

यात प्रवाशाचा वाटा मोठा आहे. बेत करताना आपण गाडी, खोली आणि जेवण यांचा भाव विचारतो. त्याच्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्या. घर कोणाचे आहे? पाणी कोठून येते? आणि आपले ओझे कोण वाहणार? महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली आणि माथेरानचा २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावा लागला. जेथे पावसाळ्यात आभाळ फाटते तेथेच पाहुण्यांच्या हंगामात पाण्याची ओढाताण होते. तेव्हा पाहुण्याच्या न्हाणीघरात गेलेली बादली कोणाच्या तरी घरातून वजा झालेली असते. तोरणमाळला जावयाचे तर पाऊस सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडी जावे. तेव्हा तळे भरलेले असते आणि रान हिरवे असते. राहिला ओझ्याचा प्रश्न. माथेरानला माणसाने ओढावयाच्या रिक्षा थांबवाव्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला. एकाच्या विसाव्यासाठी दुसऱ्याची छाती फुटावी हे अमानुष आहे, एवढे मान्य होण्यास आम्हांस पावणेदोनशे वर्षे लागली.

विसाव्याचे हे दोन हिशेब असोद्यावरून एकदम दिसतात. एका बाजूस आखाजीचा झोका: त्याला भाडे नाही, पण तो वर्षातून एकदा, आणि आता तोही सर्वांना नाही. दुसऱ्या बाजूस डोंगरावरचे घर: त्यात गारवा आहे, पण त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्याने भरलेली. यांतला एक टाकून दुसरा घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. डोंगरावर जरूर जावे. जाताना घरच्या बाईची चूल घरी ठेवावी, शेतावरच्या गड्याचा रोज बुडू देऊ नये, आणि भाडे द्यावयाचे ते ज्याचा डोंगर त्याच्या हाती द्यावे. सालदारालाही वर्षातून आठ दिवस पगारी रजा मिळाली, आणि तो बायकोमुलांसह सातपुड्याच्या त्या निळ्या रेघेवर दोन रात्री राहून आला, तर सुटीच्या इतिहासात खानदेशाने आपले एक पान लिहिले असे म्हणता येईल. ते पान अद्याप कोरे आहे.